फितूर म्हणण्याआधी: एका पंचाचं खुलं पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, विधी व न्याय विभाग
मंत्रालय, मुंबई

विषय: फौजदारी खटल्यांतल्या पंच-साक्षीदारांची परवड

महोदय,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, रेशनकार्ड, जातीचे दाखले, खरेदीखतं, असे गावातले बहुतेक कागद बावीस वर्षांत कधी ना कधी माझ्या मशीनवरून गेलेत. पोलीस ठाणं दुकानापासून शंभर पावलांवर आहे. ठाण्याचे कागदही माझ्याकडेच येतात. त्यामुळे कुठे पंच, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्याला हजर राहून सही करणारा त्रयस्थ माणूस, लागला की हवालदारांना आधी मी आठवतो.

गेल्या महिन्यात असंच बोलावणं आलं. चोरीचा ट्रॅक्टर एका शेतात कडब्याच्या गंजीआड सापडला होता. या वेळी एक पोलीस मोबाइल धरून सगळं शूटिंग करत होता. हवालदार म्हणाले, "आता नवा कायदा आहे. सगळं रेकॉर्ड होतं. तुम्हाला पहिल्यासारखा त्रास नाही." मी पंचनामा वाचला आणि सही केली. सही करताना माझा हात थरथरत होता. तो का थरथरला, ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. ते तुम्हाला लिहितोय, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय. कारण पंचाची सही उद्या कुणालाही करावी लागू शकते.

२०१५ साली दिवाळीच्या आधी आमच्या गावात एका म्हाताऱ्या विधवा बाईचा खून झाला. अंगावरचं सोनं गेलं होतं. चार दिवसांनी पोलिसांनी एका तरुण मजुराला धरलं. त्याने कोयता लपवल्याची जागा दाखवायची तयारी दाखवली, म्हणून निवेदन पंचनाम्यासाठी मला आणि शेजारच्या सायकलवाल्याला नेलं. ओढ्याच्या काठाला एका बाभळीखालून त्याने कोयता काढून दिला. तो कागदात गुंडाळला, दोऱ्याने बांधला, लाखेचं सील मारलं आणि आमच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली. तासाभराचं काम. घरी येऊन मी आंघोळ केली. दोन दिवस जेवण गेलं नाही. ती बाई माझ्या दुकानात निराधार योजनेचे कागद काढायला यायची.

साक्षीचं पहिलं समन्स आलं २०१८ साली. जिल्ह्याचं सत्र न्यायालय आमच्यापासून बासष्ट किलोमीटर. सकाळची पावणेसातची एसटी धरायची, दुकान बंद ठेवायचं, अकराच्या आत कोर्टात हजर व्हायचं. त्या दिवशी आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस पार्टी मिळाली नाही. तारीख पडली. दुसऱ्या वेळी न्यायाधीश साहेब रजेवर. तिसऱ्या वेळी मुद्देमाल आला नव्हता. चौथ्या वेळी बचाव पक्षाच्या वकिलांचं दुसऱ्या कोर्टात काम चालू होतं. संध्याकाळी साडेपाचला शिपायाने बाहेर येऊन सांगितलं, "जा, तारीख मिळाली." मग कोरोना आला आणि दीड-दोन वर्षं त्यात गेली. नवे न्यायाधीश आले, सरकारी वकील बदलले. एका तारखेला माझी आई दवाखान्यात होती, मी गेलो नाही. पंधरा दिवसांनी माझ्या नावाचं जामीनपात्र वॉरंट घेऊन पोलीस भर दुपारी दुकानात आले. तहसीलची गर्दी होती. आधीच्या सहा तारखांना मी हजर होतो. त्याची दखल कुठल्याच कागदावर कुणी घेतली नव्हती.

मार्च २०२३ मध्ये मी पिंजऱ्यात उभा राहिलो. पंचनाम्याला साडेसात वर्षं होत आली होती. तोवर मी त्या गुन्ह्याचा एकही कागद पुन्हा पाहिला नव्हता.

कागदाचं पुडकं उघडून कोयता माझ्यासमोर धरला. चिठ्ठीवर शाई उरली नव्हती, नुसते तपकिरी डाग. लाख भुगा होऊन पडली होती. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना, मी सांगितलं, कोयता याच आरोपीने काढून दिला. उलटतपासात बचावाच्या वकिलांचे प्रश्न आले. मूठ लाकडी होती की लोखंडी? दोरा पांढरा की तांबडा? किती सील होती? लाखेवर कसली खूण होती? पंचनामा ओढ्यावर लिहिला की ठाण्यात? मी आठवेल तेवढं सांगितलं, न आठवेल तिथे आठवत नाही म्हणालो. शेवटी विचारलं, "हाच तो कोयता, असं शपथेवर खात्रीने सांगू शकता का?" शपथ हा शब्द मला मोठा वाटतो. मी म्हणालो, "चिठ्ठीवर सही दिसत नाही, खात्रीने सांगता येणार नाही."

सरकारी वकिलांनी मला फितूर, म्हणजे आपल्याच बाजूवर उलटलेला साक्षीदार, जाहीर केलं. शेजारचा सायकलवाला तोवर वारला होता.

बाहेर पायरीवर त्या बाईची लेक उभी होती. प्रत्येक तारखेला यायची. सहा तारखांना आम्ही एकाच बाकावर बसलो होतो, तिने मला डब्यातली भाकरी दिली होती. ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या डोळ्यांसमोरच काढला होता ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग?" पुढे मला काही बोलता आलं नाही.

वर्षाअखेरीस आरोपी निर्दोष सुटला. आठ वर्षं तो कच्चा कैदी, म्हणजे निकाल न लागलेला कैदी, म्हणून आत होता. उच्च न्यायालयात जामिनासाठी जायला घरच्यांकडे पैसे नव्हते. त्यानेच खून केला असेल तर एका म्हातारीचा खुनी सुटला. त्याने केला नसेल तर एका माणसाची आठ वर्षं विनाकारण गेली आणि खरा खुनी कधी शोधलाच गेला नाही. यातलं काय खरं, हे आता कुणालाच कळणार नाही. गावात मात्र एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक आहे: झेरॉक्सवाल्याने पैसे खाल्ले.

महोदय, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. शिक्षेऐवजी न्याय, असं त्यांचं वर्णन झालं. माझं इंग्रजी बेताचं, पण मराठीत जे मिळालं ते मी दुकानात बसून वाचलं. त्यात चांगल्या गोष्टी आहेत आणि त्या मी नाकारत नाही. माझी तक्रार अशी की माझ्या बाबतीत जे जे चुकलं, त्यातलं बरंचसं जुन्या कायद्यानेही आधीच मना केलेलं होतं. एक एक करून सांगतो.

पहिली गोष्ट तारखांची. साक्षीदार हजर असेल तर त्याला न तपासता खटला पुढे ढकलू नये, ढकललाच तर खास कारण लेखी नोंदवावं, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०९ मध्ये होतं. आता ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ मध्ये आहे, आणि पक्षकाराच्या हाताबाहेरच्या कारणासाठीसुद्धा दोनपेक्षा जास्त तहकुबी नकोत, अशी भर त्यात घातली आहे. तहकुबी मागणाऱ्याकडून खर्च घेता येतो, हेही पूर्वीपासून आहे. माझ्या एकाही तारखेचा खर्च कुणाला भरावा लागल्याचं मी पाहिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वर्णसिंग खटल्यात साक्षीदाराचे हाल लिहून ठेवले आहेत: शिपाई त्याला गर्दीतून बाहेर काढतो, तो दिवसभर ताटकळतो आणि शेवटी तारीख पडल्याचं कळतं, त्याला बसायला जागा नसते आणि प्यायला पाणीही. ते वाचताना मला वाटलं, त्या न्यायमूर्तींनी मला त्या व्हरांड्यात पाहिलं असावं. तो निकाल येऊन पाव शतक उलटलं.

न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्यांच्या बोर्डावरच्या प्रकरणांची यादी मी दारावर वाचत उभा असायचो, ती एका दिवसात संपणारी नव्हती. विधी आयोगाने १९८७ साली दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत असं सुचवलं होतं. आज देशात ते प्रमाण वीस-बावीसच्या आसपास रेंगाळतंय. आपल्या राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत पन्नास लाखांहून अधिक प्रकरणं पडून आहेत. पण आज साक्ष होणार नाही हे दहा वाजता ठाऊक असतं, तेव्हा ते मला साडेपाचला का सांगतात? पोलीस पार्टी मिळणार नाही हे आदल्या रात्रीच कळलेलं असतं. एक मोबाइल संदेश पाठवला तर माझा दिवस वाचतो. गॅस सिलिंडर घरी येतोय हे मला फोनवर कळतं. साक्ष होणार की नाही, हे मात्र एसटीने बासष्ट किलोमीटर जाऊन शिपायाच्या तोंडून ऐकावं लागतं.

दुसरी गोष्ट, ज्याने माझी झोप उडवली. पंचनामा.

उलटतपासात मला जे प्रश्न विचारले, त्यांची बहुतेक उत्तरं माझीच सही असलेल्या पंचनाम्यात लिहिलेली होती. मूठ, दोरा, सील, वेळ, जागा, सगळं. घटनेच्या वेळी लिहिलेला आणि साक्षीदाराने तेव्हा वाचून बरोबर ठरवलेला कागद पाहून त्याला स्मृती ताजी करता येते, हा पुरावा कायद्यातला जुना नियम आहे. तो कलम १५९ मध्ये होता, नव्या अधिनियमातही आहे. हे मला निकालानंतर एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. साक्षीआधी मला ठाण्याचं कोर्टातलं काम बघणारे पैरवी हवालदार भेटले, त्यांनी "घाबरू नका, खरं ते सांगा" एवढं सांगितलं. सरकारी वकिलांची आणि माझी गाठ पिंजऱ्यातच पडली. त्यांच्या हातात त्या दिवशी किती फायली होत्या तेही मी पाहिलं. माझ्या दुकानात पन्नास पैशांत कुठल्याही कागदाची प्रत निघत होती. पण ज्या कागदावर एका माणसाचा जन्म अवलंबून होता, त्याची प्रत आठ वर्षांत कुणी मला दाखवली नाही.

साक्षीदाराला पढवू नये, हे मला समजतं. पढवणं वेगळं आणि त्याच्याच सहीचा कागद त्याला वाचू देणं वेगळं. एवढा फरक एका परिपत्रकाने स्पष्ट होईल. आता तर नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण होतं. ट्रॅक्टरच्या पंचनाम्याचंही झालं. उद्या साक्षीच्या वेळी ते चित्रीकरण मला दाखवणार का? की पुन्हा दोऱ्याचा रंग तोंडी विचारणार? हवालदारांना विचारलं, त्यांना ठाऊक नव्हतं.

मुद्देमालाचं सांगतो. ओढ्याकाठी लाख तापवून ज्याने सील मारलं, त्या शिपायाला कुणी दोष देऊ नये, त्याने हात भाजून घेतले होते. पुढे तो कोयता कुठल्या गोदामात, किती दमट जागेत राहिला, प्रयोगशाळेत कधी गेला, परत आला तेव्हा पुडकं कुणी बांधलं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी सांगूही शकत नव्हतो. ही किरकोळ बाब वाटत असेल तर ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचा खटला आठवा. १८० हून अधिक माणसं गेली. २१ जुलै २०२५ रोजी, एकोणीस वर्षांनी, मुंबई उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. त्यातला एक जण निकालाआधीच तुरुंगात वारला होता. उच्च न्यायालयाला जी कारणं दिसली, त्यात एक असं होतं की जप्त केलेला माल प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नीट सीलबंद होता हे सिद्ध झालं नाही. ओळख परेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकार नव्हता, हेही एक. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे आणि अंतिम काय ते तिथे ठरेल. पण एवढ्या मोठ्या खटल्यात, एवढी मोठी यंत्रणा हाताशी असताना, लाख आणि दोरा यांवर प्रश्न उभा राहतो, तर तालुक्याच्या गोदामातल्या पुडक्याची काय कथा?

नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं सक्तीचं केलं आहे. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, म्हणजे २०२९ उजाडेल. तोवर निदान मुद्देमाल खोलीला कोरडी भिंत आणि पाण्याने न पुसणारी चिठ्ठी तरी द्या. दुकानात मी लॅमिनेशन करतो. एका कागदाचे वीस रुपये.

तिसरी गोष्ट भीतीची. त्या व्हरांड्यात एकच बाक होता. त्यावर मी, मयत बाईची लेक, आणि पलीकडे आरोपीचे दोन भाऊ. त्यांनी मला धमकी दिली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण एकदा धाकटा भाऊ म्हणाला, "तुमचं दुकान तहसीलसमोरच आहे ना?" एवढंच. त्यानंतर कित्येक दिवस मी अंधार पडायच्या आत शटर ओढत होतो. माझ्या जागी एखादी अत्याचार झालेली मुलगी असती, गावातल्या पुढाऱ्याविरुद्ध उभा राहिलेला शेतमजूर असता, तर त्या एका वाक्याने काय झालं असतं, याचा विचार करा.

सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि ती देशभर कायद्यासारखी लागू केली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, पोलीस प्रमुख तिचे सदस्य असतात, साक्षीदार तिच्याकडे अर्ज करू शकतो. राज्याने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१७ चा स्वतःचा कायदाही केलेला आहे. नव्या संहितेचं कलम ३९८ प्रत्येक राज्याला अशी योजना अधिसूचित करायला बांधून ठेवतं. आणि २०२२ च्या जानेवारीत, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात लहान मुलं, अत्याचार झालेल्या बायका अशा दुर्बल साक्षीदारांसाठी वेगळं साक्ष केंद्र उभारायला सांगितलं. म्हणजे पाच-सात वर्षांत या एका विषयावर इतकं लिहिलं गेलं. मला आलेल्या समन्सवर मात्र हजर न राहिल्यास वॉरंट निघेल, एवढंच छापलेलं होतं. भीती वाटली तर कुणाकडे जायचं, ही एक ओळ त्यावर नव्हती.

"साक्षीदार फितूर झाले" ही बातमी मी आता वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. गुजरातमधल्या कथित बनावट पोलीस चकमकीचा, सोहराबुद्दीन प्रकरणाचा, खटला मुंबईत चालला. २१० साक्षीदार तपासले, त्यातले ९२ फितूर जाहीर झाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये सगळे बावीस आरोपी सुटले. त्या ९२ जणांत कोण घाबरलं, कोण विसरलं, कुणाच्या तोंडी पोलिसांनी आधीच नको ते घातलं होतं, आणि कोण खरोखर विकलं गेलं, हे एका शब्दात कसं कळावं? विकला जाणारा साक्षीदार असतो. त्याला खोट्या साक्षीबद्दल शिक्षा करा, मी टाळ्या वाजवीन. पण साडेसात वर्षांनी दोऱ्याचा रंग न आठवणारा आणि विकला गेलेला या दोघांना एकच नाव देऊ नका.

पंच निवडायचे कसे, हाही प्रश्न आहे. कायदा म्हणतो, त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी. प्रत्यक्षात ठाण्याच्या जवळ जो असेल तो. उलटतपासात मला पहिलाच प्रश्न होता, "तुम्ही याआधी किती गुन्ह्यांत पंच होता?" मी पाच म्हणालो. वकील न्यायाधीशांकडे बघून नुसते हसले. मी पोलिसांचा नेहमीचा पंच ठरलो, आणि सरकारी वकिलांनी फितूर ठरवलं. दोन्ही बाजूंचा मीच खोटा. राज्याने २०१५ मध्ये गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच घेण्याचं ठरवलं, तेव्हापासून तलाठी आणि शिक्षकही या फेऱ्यात आले. माझ्या दुकानात येणाऱ्या शिक्षकांकडून मी त्यांचीही कहाणी ऐकतो. फरक इतकाच की त्यांचा पगार चालू असतो.

भत्त्याचं दोन वाक्यांत सांगतो. साक्षीदाराला सरकारने खर्च द्यावा, ही तरतूद जुन्या संहितेत कलम ३१२ होती, आता ३५० आहे. मला एकदा एसटीचं भाडं मिळालं, बाकी वेळा "ग्रँट आली नाही" असं उत्तर मिळालं.

आता आपण म्हणाल, तुमचा जुना खटला, जुना कायदा, पुढचं बघा. पुढचंच बघतोय. गुन्ह्यांचं स्वरूप बदलतंय ते दुकानात बसून मला रोज दिसतं. पूर्वी लोक चोरीच्या तक्रारीची झेरॉक्स काढायला यायचे, आता बँकेच्या खात्याचे उतारे घेऊन येतात. गेल्या वर्षी एक निवृत्त मुख्याध्यापक रडतच आले, 'डिजिटल अटक' म्हणून घाबरवून कुणी तरी त्यांची पुंजी काढून घेतली होती. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत २०२१ साली देशात ५२,९७४ सायबर गुन्हे नोंदले गेले, २०२२ साली ६५,८९३. एका वर्षात जवळपास चौथाई वाढ. या गुन्ह्यांत ओढ्याकाठचा पंच नसेल, पण साक्षीदार असतीलच. सिमकार्ड विकणारा पोरगा, परक्या राज्यातल्या बँक शाखेचा कारकून, ज्याच्या नावावर खातं उघडलं तो गरीब माणूस. बासष्ट किलोमीटरच्या आतला साक्षीदार ज्या व्यवस्थेला सांभाळता आला नाही, ती दोन हजार किलोमीटरवरचा साक्षीदार कसा आणणार?

दृक्-श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची सोय नव्या संहितेत आहे. सरकारी नोकरांची साक्ष तशी घेता येते. अधिकारी बदलून गेला तर त्याच्या जागी आलेला अधिकारी कागदपत्रं शाबीत करू शकतो. इतर साक्षीदारांसाठी राज्य शासन ठिकाणं अधिसूचित करील, अशी तरतूद आहे. अधिकाऱ्यांच्या सोयीचा विचार झाला, ते योग्यच आहे. माझ्या बदली मात्र कुणी येणार नाही. माझ्या तालुक्यात न्यायालय आहे, त्यात संगणक आणि पडदाही आहे. तिथून साक्ष देता आली असती तर एका दुपारचं काम होतं.

आणि तो मजूर. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं करता येणार नाही. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीला ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडावं, पहिल्याच गुन्ह्यातल्या आरोपीला एक तृतीयांश काळानंतर, असं नव्या संहितेचं कलम ४७९ सांगतं. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप आहे, त्याला ही सवलत नाही. म्हणजे अशा आरोपीची सुटका किंवा शिक्षा पूर्णपणे खटला कधी संपतो यावर, आणि खटला साक्षीदार कधी तपासले जातात यावर. मी घरी परतलेल्या प्रत्येक तारखेला तो तुरुंगात परतत होता. एकदा पार्टीबरोबर जाताना त्याने मला विचारलं होतं, "काका, आज झाली का तुमची साक्ष?" मी मान हलवली. तो आरोपी होता आणि मी सरकारी साक्षीदार. तरी त्या दिवशी आम्हा दोघांनाही एकच हवं होतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. समन्सवर साक्षीदाराचा मोबाइल क्रमांक घ्या आणि साक्ष होणार नसेल तर आदल्या संध्याकाळी किंवा त्या दिवशी सकाळी आठच्या आत कळवा. साक्षीदार हजर राहिला तर त्याची नोंद कोर्टाच्या रोजनाम्यात करून त्याला तसा दाखला द्या. मागची हजेरी पाहिल्याशिवाय सरकारी वकिलांनी वॉरंट मागू नये.

२. साक्षीपूर्वी पंचाला त्याच्या सहीचा पंचनामा आणि असेल ते चित्रीकरण पाहू देण्याबाबत गृह आणि विधी विभागाने मिळून एकच लेखी आदेश काढावा. तो दोन्ही पक्षांना माहीत असावा.

३. प्रत्येक तालुका न्यायालय हे साक्ष देण्याचं ठिकाण म्हणून अधिसूचित करा आणि समन्सवर तसं मराठीत छापा.

४. साक्षीदार संरक्षणाचा अर्ज कुठे आणि कसा करायचा, ते समन्सच्या मागच्या बाजूला छापा. आरोपीचे नातेवाईक आणि साक्षीदार यांची बसायची जागा वेगळी करा. त्याला नवी इमारत लागत नाही.

५. मुद्देमाल जप्तीपासून न्यायालयापर्यंत कुणाच्या ताब्यात, कधी, कुठे होता, याची नोंद खटल्याच्या वेळी पंचासमोर ठेवा. जे माझ्या हाताबाहेर घडलं, त्याचा जाब मला विचारला जाऊ नये.

६. साक्षीदाराचा भत्ता त्याच दिवशी खात्यात जमा करा.

७. दर जिल्ह्यात वर्षभरात किती साक्षीदार हजर राहूनही न तपासता परत गेले, हा आकडा जाहीर करा. फितूर साक्षीदार मोजता तसे हेही मोजा.

न्यायाधीशांच्या आणि सरकारी वकिलांच्या रिकाम्या जागांबद्दल बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत, त्यांचं ऐका. मी फक्त जिथे उभा होतो तिथून जे दिसलं ते लिहिलं.

ट्रॅक्टरच्या गुन्ह्याचं दोषारोपपत्र अजून न्यायालयात गेलेलं नाही. त्या पंचनाम्यात इंजिन क्रमांक, चाकांची अवस्था, गंजीची दिशा, सगळं आहे. माझ्याकडे त्याची प्रत नाही. या वेळी पंचनामा झाल्यावर घरी येऊन आठवेल तेवढं मी एका वहीत लिहून ठेवलं, तारीख टाकली आणि वही कपाटात ठेवली. ती वही न्यायालयात चालेल का, हे मला माहीत नाही. समन्स येण्याआधी आपल्या विभागाने एवढं तरी मला कळवावं, ही विनंती.

आपला नम्र,
तहसील कचेरीसमोरचा एक झेरॉक्सवाला, पंच क्रमांक १